डीएनएसला विचारताना : ‘नाही’ आणि ‘कळले नाही’

मित्रहो,

सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम दिवसभरात हजारो वेळा एखादे नाव देऊन त्याचा पत्ता मागवत असतो. डेटाबेसशी जोडणी करायची असो, पैसे भरण्याच्या सेवेला विनंती पाठवायची असो किंवा अर्जात भरलेल्या ई-मेलचे डोमेन खरे आहे का हे तपासायचे असो, प्रत्येक ठिकाणी आधी डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचे आकडी पत्ते सांगणाऱ्या व्यवस्थेला, विचारावे लागते. बहुतेक वेळा हे विचारणे एखाद्या लायब्ररीच्या पोटात घडते आणि आपल्याला दिसतही नाही. आपण ते स्वतः लिहितो तेव्हाही ते एका ओळीचेच असते : नाव द्या, पत्ता घ्या. माझे आजचे म्हणणे या एका ओळीबद्दल आहे. दिसायला ती आपल्याच मेमरीतल्या एखाद्या तक्त्यात डोकावल्यासारखी दिसते, पण वास्तवात तो परक्या यंत्रांना नेटवर्कवरून विचारलेला प्रश्न असतो. त्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येणे आणि मुळात उत्तरच न येणे, या दोन गोष्टी ज्या प्रोग्रामला वेगळ्या ओळखता येत नाहीत, तो आज ना उद्या खऱ्या माणसाला खोटे ठरवतो.

नावावरून पत्ता देणाऱ्या फंक्शनचे रूप इतके साधे का राहिले, याला इतिहास आहे. अर्पानेट या इंटरनेटपूर्वीच्या नेटवर्कच्या काळात सगळ्या यंत्रांची नावे आणि पत्ते होस्ट्स डॉट टेक्स्ट नावाच्या एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क येथे एसआरआय या संस्थेत ती फाइल सांभाळली जाई, तिथल्या माहिती केंद्राची धुरा एलिझाबेथ फाइनलर यांच्याकडे होती, आणि बाकीची यंत्रे ती फाइल तिथून उतरवून घेत. नेटवर्क वाढले तशी ही रीत पुरेनाशी झाली आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) ८८२ आणि ८८३ या दोन मसुद्यांतून अनेकांमध्ये वाटलेल्या नावव्यवस्थेचा आराखडा मांडला. आज आपण वापरतो त्या व्यवस्थेचे पायाभूत मसुदे, म्हणजे आरएफसी १०३४ आणि १०३५, नोव्हेंबर १९८७ चे आहेत. त्याच १९८३ साली आलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये गेटहोस्टबायनेम हे फंक्शन होते आणि ते यंत्रावरचीच ‘ईटीसी होस्ट्स’ ही फाइल वाचत असे. फाइलमध्ये नाव सापडते किंवा सापडत नाही, तिसरी शक्यता नसते. म्हणून त्या फंक्शनला पत्ता परत द्यायचा किंवा काहीच द्यायचे नाही एवढी दोनच उत्तरे पुरत होती. पुढे फाइलच्या जागी जगभर पसरलेली व्यवस्था आली, पण फंक्शनचा चेहरा तोच राहिला, आणि प्रोग्रामिंगच्या पुष्कळ भाषांनी तो चेहरा जसाच्या तसा उचलला.

आता प्रश्न कोणत्या वाटेने जातो ते पाहू. लिनक्सवर प्रोग्रामने गेटॲड्रइन्फो हे फंक्शन बोलावले की आधी ‘ईटीसी होस्ट्स’ पाहिली जाते, मग ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये लिहिलेल्या रिझॉल्व्हरकडे, म्हणजे आपल्या वतीने उत्तर शोधून आणणाऱ्या सर्व्हरकडे, प्रश्न जातो. त्या रिझॉल्व्हरच्या कॅशमध्ये, म्हणजे आधी मिळालेल्या उत्तरांच्या साठ्यात, उत्तर नसेल तर तो सर्वांत वरच्या रूट सर्व्हरपासून सुरुवात करून ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे आणि तिथून त्या डोमेनच्या अधिकृत नेमसर्व्हरकडे जातो. या वाटेवरचे कोणतेही एक यंत्र बंद असू शकते, मंद असू शकते, चुकीचे मांडलेले असू शकते. म्हणून उत्तरे चार प्रकारची येतात. नाव आहे आणि त्याची मागितलेली नोंद, म्हणजे पत्त्यासारखी माहितीही आहे, हा पहिला प्रकार. नाव आहे, पण मागितलेल्या प्रकारची नोंद नाही, हा दुसरा. याला नोडेटा म्हणतात. असे नावच अस्तित्वात नाही, हा तिसरा. याला एनएक्सडोमेन म्हणतात. आणि चौथा प्रकार म्हणजे सर्व्हफेल (रिझॉल्व्हरलाच उत्तर मिळवता न येणे), नकार किंवा टाइमआउट, ज्यातून नावाबद्दल काहीच कळत नाही. एसटी स्टँडवरच्या चौकशी खिडकीत ‘आज त्या गावाला गाडी नाही’ असे कोणी सांगणे आणि खिडकीच बंद असणे यांत जो फरक आहे, तोच दुसऱ्या-तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारांत आहे. बंद खिडकी पाहून गाडी नाही असे कोणी ठरवत नाही.

पण प्रोग्राम तसे ठरवतात, आणि ते कसे हे पीएचपी या भाषेच्या उदाहरणावरून अगदी जवळून पाहता येते. नोंदणीच्या अर्जात ई-मेलचे डोमेन तपासण्यासाठी पीएचपीत चेकडीएनएसआरआर हे फंक्शन सर्रास वापरले जाते. त्याला नोंदीचा प्रकार सांगितला नाही तर ते एमएक्स, म्हणजे टपाल घेणाऱ्या सर्व्हरची नोंद शोधते आणि ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ परत देते. डोमेन खोटे असेल तरी ‘फॉल्स’, एमएक्स नसेल तरी ‘फॉल्स’, आणि आपल्याच सर्व्हरचा रिझॉल्व्हर बंद पडला असेल तरीही ‘फॉल्स’. गेटहोस्टबायनेमची तऱ्हा आणखी वेगळी : पत्ता सापडला नाही तर ते दिलेले नावच जसेच्या तसे परत देते, आणि आयपीव्ही ६ चे, म्हणजे नव्या लांब प्रकारचे, पत्ते ते शोधतच नाही. याउलट डीएनएस-गेट-रेकॉर्ड हे फंक्शन अधिक प्रामाणिक आहे. लिनक्सवर नोडेटा किंवा एनएक्सडोमेन असेल तर ते रिकामा ॲरे देते, आणि तात्पुरता बिघाड असेल तर इशारा नोंदवून ‘फॉल्स’ देते. म्हणजे ‘नाही’ आणि ‘कळले नाही’ यांतला फरक इथे आपल्या हातात येतो. पण आपण पुढच्याच ओळीत उद्गारचिन्ह लावून ‘रेकॉर्ड्स नसतील तर’ अशी अट लिहितो, पीएचपी रिकाम्या ॲरेलाही आणि ‘फॉल्स’लाही सारखेच असत्य मानते, आणि हाती आलेला फरक आपल्याच हाताने पुसला जातो. तिथे तीन बरोबरीची चिन्हे लावून ‘फॉल्स’शी काटेकोर तुलना केली की बिघाड वेगळा काढता येतो. एवढाच बदल, पण रिझॉल्व्हर बंद पडला तर शेकडो अर्जदारांना ‘तुमचा ई-मेल चुकीचा आहे’ असे सांगितले जाणे त्यामुळे टळते. बिघाडाच्या वेळी अर्ज स्वीकारावा आणि पडताळणीचे पत्र पाठवावे. ते पत्रच खरी तपासणी करते.

ई-मेलच्या बाबतीत नुसत्या ‘नाही’चेही अर्थ समजून घ्यावे लागतात. २००८ च्या आरएफसी ५३२१ प्रमाणे एखाद्या डोमेनला एमएक्स नोंद नसेल, पण ए किंवा एएएए, म्हणजे आयपीव्ही ४ किंवा आयपीव्ही ६ पत्त्याची, नोंद असेल, तर टपाल त्याच पत्त्यावर पोहोचवायचे असते. म्हणजे एमएक्स नाही म्हणून डोमेन नाकारणे हे नियमाला धरून नाही. दुसऱ्या बाजूला २०१५ च्या आरएफसी ७५०५ ने डोमेनधारकाला ‘आम्ही टपाल घेतच नाही’ असे जाहीर करण्याची सोय दिली : एमएक्स नोंद ठेवायची, तिचा क्रमांक शून्य आणि सर्व्हरच्या नावाच्या जागी नुसता बिंदू. काही साधने हा बिंदू रिकामा मजकूर म्हणून परत देतात. जो प्रोग्राम ‘एमएक्स आहे ना, मग ठीक’ एवढेच पाहतो, तो नेमका हा स्पष्ट नकार होकार म्हणून वाचतो.

टीएक्सटी, म्हणजे मोकळ्या मजकुराच्या, नोंदींचीही एक खोच सांगून पुढे जातो. एका टीएक्सटी नोंदीत २५५ बाइटपर्यंतचे अनेक तुकडे असू शकतात आणि एसपीएफसारख्या (डोमेनच्या वतीने टपाल कोण पाठवू शकतो हे सांगणाऱ्या) नोंदीत ते तुकडे मध्ये काहीही न घालता जोडायचे असतात. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमधले रिझॉल्व्हटीएक्सटी हे फंक्शन प्रत्येक नोंद तुकड्यांच्या ॲरेच्या रूपात देते. जोडताना मध्ये स्वल्पविराम किंवा मोकळी जागा पडली की नोंद मोडते, आणि मग दोष डोमेनधारकाचा वाटतो.

नोडचा विषय निघालाच आहे तर वेळेबद्दल बोलू, कारण ‘कळले नाही’ हे उत्तर फार उशिरा मिळते, हा या साऱ्या विषयातला सर्वांत महाग भाग आहे. ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’मध्ये काही बदलले नसेल तर ग्लिबसी, म्हणजे लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी, एका रिझॉल्व्हरची पाच सेकंद वाट पाहते आणि सगळ्या यादीतून दोनदा फिरते. दोन रिझॉल्व्हर लिहिलेले असतील आणि दोन्ही गप्प असतील तर एका नावामागे वीस सेकंद जातात. नोडमध्ये आपण एचटीटीपीची विनंती पाठवतो तेव्हा आतून डीएनएस-लुकअप बोलावले जाते. ते दिसायला असिंक्रोनस आहे, पण खाली गेटॲड्रइन्फो हे थांबून राहणारे फंक्शन नोडच्या आतल्या लिबयूव्ही लायब्ररीच्या थ्रेडपूलमध्ये, म्हणजे समांतर काम करणाऱ्या मोजक्या थ्रेडच्या गटात, चालते. या पूलमध्ये मुळात चार थ्रेड असतात, फाइल वाचण्याचे आणि पासवर्डचा हॅश काढण्याचे कामही तिथेच होते, आणि अलीकडच्या लिबयूव्हीत नावे शोधण्यासारख्या संथ कामांना त्यातले निम्मेच थ्रेड मिळतात. याचा अर्थ असा, की ज्यांचे नेमसर्व्हर गप्प आहेत अशी दोन नावे कोणी आपल्या सेवेला दिली, तर तिसरे नाव, ज्याचे उत्तर दोन मिलिसेकंदांत मिळाले असते, रांगेत उभे राहते. सीपीयू रिकामा असतो, मेमरी भरपूर असते, आलेखावर काहीच वावगे दिसत नाही, आणि सेवा मात्र थिजलेली असते. हे पाहिलेला माणूस मूळ कारणापर्यंत फार उशिरा पोहोचतो, कारण डीएनएस तिथे कोणालाच दिसत नसते.

नोडमध्ये दुसरी वाट आहे ती डीएनएस-रिझॉल्व्हची. ती सी-एआरईएस या लायब्ररीने थेट नेटवर्कवर प्रश्न विचारते आणि थ्रेडपूल अडवत नाही. शिवाय तिच्या चुकांचे संकेत स्वच्छ आहेत : ईएनओटीफाउंड, ईएनओडेटा, ईसर्व्हफेल, ईटाइमआउट हे चारही वेगवेगळे कळतात. डीएनएस-लुकअपमध्ये मात्र ईएनओटीफाउंड हा संकेत नाव नसल्यावरच येतो असे नाही, फाइल डिस्क्रिप्टर संपल्यासारख्या इतर कारणांनीही येऊ शकतो, हे नोडच्या अधिकृत दस्तऐवजातच लिहिलेले आहे. मग सगळीकडे डीएनएस-रिझॉल्व्हच का वापरू नये? कारण ती ‘ईटीसी होस्ट्स’ पाहत नाही. कंपनीच्या आतल्या यंत्रांची नावे तिथे लिहिलेली असतील तर ती तिला सापडणार नाहीत. माझे मत असे, की जोडणी करण्यासाठी लुकअप आणि नोंदींची माहिती हवी असेल तेव्हा रिझॉल्व्ह, ही विभागणी पाळावी आणि दोन्हींना स्वतःची कालमर्यादा लावावी.

कुबरनेटीसवर, म्हणजे कंटेनर चालवण्याच्या व्यवस्थेवर, सेवा चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासून पाहावी. तिथल्या पॉडमध्ये, म्हणजे कंटेनरच्या गटात, ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ उघडली तर बहुधा ‘एनडॉट्स ५’ असे लिहिलेले दिसते आणि वर तीन प्रत्यय दिसतात : स्वतःच्या नेमस्पेसचा, ‘एसव्हीसी’चा आणि ‘क्लस्टर डॉट लोकल’चा. ज्या नावात पाचपेक्षा कमी बिंदू आहेत त्याला आधी हे प्रत्यय लावून पाहा, असा त्याचा अर्थ. ‘एपीआय डॉट एक्झाम्पल डॉट कॉम’मध्ये दोनच बिंदू आहेत. म्हणून आधी तीन निरर्थक नावे विचारली जातात आणि मग खरे नाव. प्रत्येक नाव आयपीव्ही ४ आणि आयपीव्ही ६ अशा दोन्हींसाठी विचारले जाते, म्हणजे एका पत्त्यामागे आठ प्रश्न, त्यातले सहा वाया. नावाच्या शेवटी बिंदू दिला की ते पूर्ण नाव मानले जाते आणि हे सहा प्रश्न थांबतात. पण तो बिंदू एचटीटीपीच्या होस्ट हेडरमध्ये गेला तर काही सर्व्हर नाव ओळखत नाहीत, तेव्हा बाहेरच्या सेवांशीच बोलणाऱ्या पॉडपुरती एनडॉट्सची संख्या कमी करणे मला अधिक बरे वाटते. कंटेनरसाठी अल्पाइन लिनक्सची प्रतिमा वापरत असाल तर तिथे ग्लिबसीच्या जागी मसल ही सी लायब्ररी असते आणि २०२३ मध्ये आलेल्या १.२.४ आवृत्तीपूर्वी मसलचा रिझॉल्व्हर यूडीपीतून कापून आलेले मोठे उत्तर टीसीपीवर पुन्हा मागवत नसे. माझ्या यंत्रावर चालते आणि कंटेनरमध्ये चालत नाही, अशा तक्रारींमागे हे एक खरे कारण होते.

आता उत्तराच्या मुदतीकडे वळू. डीएनएसचे प्रत्येक उत्तर टीटीएल घेऊन येते, म्हणजे इतके सेकंद हे खरे माना. हा आकडा डोमेनधारकाने दिलेला शब्द आहे, आणि आपले प्रोग्राम तो दोन्ही बाजूंनी मोडतात. नोड स्वतः काहीच साठवत नाही. यंत्रावर स्थानिक कॅश नसेल तर प्रत्येक नव्या जोडणीला नवा प्रश्न जातो. जावामध्ये याच्या उलट, सिक्युरिटी मॅनेजर लावलेला असेल तर मिळालेला पत्ता प्रक्रिया संपेपर्यंत कायम धरला जाई. तो नसेल तर सहसा तीस सेकंद, आणि ‘नाही’ हे उत्तर दहा सेकंद. दोन्ही वेळांना टीटीएलशी काही देणेघेणे नाही. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये विनंती मागच्या सेवेकडे पाठवणाऱ्या प्रॉक्सीपाससाठी साधे नाव लिहिले तर ते सुरू होताना किंवा कॉन्फिगरेशन पुन्हा वाचताना एकदाच शोधले जाते. मागच्या सेवेचा पत्ता बदलला तरी एनजिनएक्स जुन्याच दारावर थापा मारत राहते. रिझॉल्व्हर लिहून नाव व्हेरिएबलमधून दिले की ते मुदतीप्रमाणे पुन्हा विचारते. आणि सगळे नीट केले तरी कनेक्शन पूल, म्हणजे उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचा साठा, उरतोच. डेटाबेसचा मुख्य सर्व्हर पडला, त्याच नावाचा पत्ता साठ सेकंदांत राखीव सर्व्हरकडे वळवला, पण पूलमधल्या जोडण्या जुन्या पत्त्याला धरून बसल्या असतील तर त्यांना नवे उत्तर कळण्याचा मार्गच नाही, कारण जोडणी झाल्यावर नाव कोणी विचारत नाही. म्हणून पूलमधल्या जोडणीलाही आयुष्याची मर्यादा घालावी आणि ती ठरवताना टीटीएलकडे पाहावे.

‘नाही’ या उत्तरालाही मुदत असते, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. १९९८ च्या आरएफसी २३०८ ने ती नेमून दिली : त्या डोमेनच्या एसओए, म्हणजे प्रशासनाच्या, नोंदीचा स्वतःचा टीटीएल आणि तिच्यातले शेवटचे क्षेत्र, यांतला लहान आकडा. याचा फटका डोमेनची मालकी तपासणाऱ्या सेवांमध्ये बसतो. आपण ग्राहकाला सांगतो, की अमुक टीएक्सटी नोंद घाला आणि ‘तपासा’ हे बटण दाबा. ग्राहक घाईने आधी बटण दाबतो, मग नोंद घालतो. पहिल्या दाबण्याला रिझॉल्व्हरने ‘नाही’ हे उत्तर साठवून ठेवले, आणि डोमेनच्या एसओएमध्ये तो आकडा ३६०० असेल तर पुढचा तासभर ग्राहक कितीही वेळा बटण दाबो, त्याला तेच शिळे ‘नाही’ मिळते. इथे आपल्याच प्रश्नाने आपले उत्तर बिघडवले आहे. पडद्यावर मात्र ‘प्रसार होण्यास ४८ तास लागू शकतात’ असे वाक्य झळकते, आणि ग्राहकाला वाटते की त्याच्याच डोमेनमध्ये काही खोट आहे.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. नोडमध्ये आधी त्या डोमेनच्या एनएस, म्हणजे नेमसर्व्हरांच्या, नोंदी मागवाव्या, त्या नेमसर्व्हरांच्या नावांचे पत्ते काढावे, मग स्वतंत्र रिझॉल्व्हर ऑब्जेक्ट तयार करून सेटसर्व्हर्सने त्याला ते पत्ते द्यावे, आणि टीएक्सटीचा प्रश्न थेट त्यांनाच विचारावा. सेटसर्व्हर्सला नावे चालत नाहीत, आयपी पत्तेच लागतात, म्हणून मधली पायरी टाळता येत नाही. अधिकृत सर्व्हर कॅशमधून उत्तर देत नाही. नोंद घातली असेल तर ती लगेच दिसते. मालकी तपासण्यासारख्या कामात ही जादाची पायरी घेणे हे आपले कर्तव्य आहे असे मी मानतो, कारण तिथे समोरच्या माणसाचे काम अडून राहिलेले असते.

मुदतीचाच आणखी एक धागा सुरक्षेकडे जातो. वापरकर्त्याने दिलेल्या दुव्यावरून चित्र उतरवून घेणारी सेवा आपण लिहिली, तर त्या दुव्याचे नाव आतल्या नेटवर्ककडे बोट दाखवत नाही ना, हे पाहावे लागते. क्लाउडमधला १६९.२५४.१६९.२५४ हा पत्ता यंत्राची गुप्त ओळखपत्रेही देऊ शकतो, म्हणून तो तर नक्कीच अडवावा लागतो. पुष्कळ जण नाव शोधून पत्ता तपासतात आणि मग तेच नाव एचटीटीपीच्या लायब्ररीला देतात. लायब्ररी ते नाव पुन्हा शोधते. हल्लेखोराने टीटीएल शून्य ठेवला असेल तर पहिल्या प्रश्नाला तो निरुपद्रवी पत्ता देतो आणि दुसऱ्याला आतला. एकाच नावाचे दोनदा विचारलेले उत्तर एकच असेल, हे गृहीत धरणे हीच इथली चूक आहे. जो पत्ता तपासला त्याच पत्त्याशी जोडणी करावी, आणि नाव फक्त होस्ट हेडरसाठी आणि टीएलएसच्या प्रमाणपत्रासाठी वापरावे.

मोठ्या प्रमाणावर ‘कळले नाही’ घडते तेव्हा काय होते, हे ४ ऑक्टोबर २०२१ ला जगाने पाहिले. फेसबुकच्या नेमसर्व्हरांकडे जाणारे मार्गच इंटरनेटवरून मागे घेतले गेले आणि सुमारे सहा तास फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम यांच्या नावांचे पत्ते कोणालाच मिळेनात. नावे अस्तित्वात होती, नोंदी जागच्या जागी होत्या. सांगणारे पोहोचण्यापलीकडे गेले होते. त्या काळात जगभरची ॲप आणि माणसे तीच नावे पुनःपुन्हा विचारत राहिली, आणि १.१.१.१ हा सार्वजनिक रिझॉल्व्हर चालवणाऱ्या क्लाउडफ्लेअरने प्रश्नांचे प्रमाण नेहमीच्या तीसपट झाल्याचे नोंदवले. याच्या उलट बाजूची घटना २० ऑक्टोबर २०२५ ची. ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनिया विभागात डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेच्या डीएनएस नोंदी सांभाळणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेत दोन प्रक्रिया एकमेकींच्या आड आल्या आणि त्या सेवेच्या नावाची नोंद रिकामी झाली. तिथे नेमसर्व्हर ठणठणीत होते आणि ते अधिकृतपणे ‘पत्ता नाही’ असे सांगत होते; तिच्यावर अवलंबून असलेल्या कितीतरी सेवा जगभर कोलमडल्या.

या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे प्रोग्रामने काय करावे ते स्पष्ट होते. उत्तर कळले नाही तर लगेच पुन्हा विचारू नये. प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ वाढवत न्यावा आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवावा, म्हणजे हजार प्रक्रिया एकाच क्षणी धडकत नाहीत. आपल्या भरवशाच्या, रोजच्या सेवेचे नाव असेल तर शेवटचा माहीत असलेला पत्ता हाताशी ठेवावा आणि बिघाडाच्या वेळी मुदत संपली तरी तो वापरून पाहावा. रिझॉल्व्हरांना अशी मुभा २०२० च्या आरएफसी ८७६७ ने दिलीच आहे. पण ‘नाही’ असे अधिकृत उत्तर आले असेल तर जुना पत्ता आपोआप वापरू नये, कारण धारकाने तो जाणूनबुजून काढलेला असू शकतो. तिथे माणसाला हाक मारावी, आणि लॉगमध्ये नाव, नोंदीचा प्रकार, कोणत्या रिझॉल्व्हरने काय संकेत दिला आणि किती मिलिसेकंद लागले, हे सगळे लिहिलेले असावे. ‘डीएनएस एरर’ एवढे दोन शब्द रात्री दोन वाजता जागे झालेल्या माणसाच्या काही उपयोगाचे नाहीत.

आपल्या भाषेशी थेट संबंध असलेली एक गोष्ट राहिली. २०१४ पासून ‘डॉट भारत’ हे देवनागरी डोमेन उपलब्ध आहे आणि मराठीत नावे घेता येतात. डीएनएसच्या तारेवर मात्र देवनागरी जात नाही. ‘भारत’चे रूपांतर एक्सएन, दोन जोडरेषा आणि पुढे रोमन अक्षरे-अंक अशा प्युनीकोड रूपात होते. पीएचपीची डीएनएस फंक्शने हे रूपांतर स्वतः करत नाहीत, आधी आयडीएन-टू-ॲस्की बोलावावे लागते. ते न केलेल्या अर्जात मराठी डोमेनचा खरा ई-मेल ‘अस्तित्वात नाही’ ठरतो. रूपांतरातही मराठीची एक खास अडचण आहे. ‘दऱ्या’ हा शब्द टंकताना कोणी युनिकोडचे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतो, तर कोणी साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण प्युनीकोड वेगळे निघते. रूपांतराच्या जुन्या रीतीत ते अदृश्य चिन्ह गाळले जाते आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, नव्या रीतीत ते राहते. मराठी नावे स्वीकारणाऱ्या सेवेने हे दोन्ही प्रकार चाचणीत घालावेत. परदेशी लायब्ररीच्या चाचण्यांत ते सापडणार नाहीत.

चाचणीचाच विषय घेऊन थांबतो. चारही उत्तरे मुद्दाम घडवून पाहता येतात. एनएक्सडोमेनसाठी ‘डॉट इनव्हॅलिड’ने संपणारे कोणतेही नाव घ्यावे, हा शेवट १९९९ च्या आरएफसी २६०६ ने कायमचा राखून ठेवला आहे. नोडेटासाठी स्वतःच्या डोमेनखाली फक्त ए नोंद असलेले एक नाव ठेवावे आणि त्याची एमएक्स मागावी. सर्व्हफेलसाठी ‘डीएनएसएसईसी-फेल्ड डॉट ऑर्ग’ हे डोमेन मुद्दाम चुकीच्या सहीसह ठेवलेले आहे. डीएनएसएसईसी, म्हणजे उत्तरांवरच्या डिजिटल सह्या, तपासणारा रिझॉल्व्हर त्यावर सर्व्हफेलच देतो. आणि टाइमआउटसाठी चाचणीच्या कंटेनरमधल्या ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’मध्ये रिझॉल्व्हर म्हणून १९२.०.२.१ हा पत्ता लिहावा. दस्तऐवजांतल्या उदाहरणांसाठी राखलेल्या गटातला तो पत्ता आहे, तिथून सहसा काहीच उत्तर येत नाही. आपले फंक्शन किती सेकंदांनी परत येते आणि परत येताना ‘नाही’ म्हणते की ‘कळले नाही’, हे तिथे मोजून घ्यावे.